बाकाखालची धूळ

मंडळीत नवी जागृती यावी म्हणून भरणाऱ्या संजीवन सभेच्या सकाळी राहेलमावशी चर्चची बाकं पुसत होत्या. ही नवी बाकं शमुवेलनं केलेली. मीही सुतारच; चर्चच्या पंचांनी भाव माझ्याकडून मागवला आणि काम त्याला दिलं. रंध्यावर हात घासून मी वर आलोय. सागाची पारख मला कुणी शिकवू नये. तेव्हापासून प्रभुभोजनाआधी सगळे समेटाचा म्हणून एकमेकांचा हात हातात घेतात, त्या वेळी शमुवेलचा हात टाळायला मी बुटाची नाडी बांधतो.

मंडळीत जागृती का येत नाही याचा विचार करा, असं पाळकसाहेब गेले कित्येक रविवार सांगत होते. मी केला होता. पंचांची नावंही काढून ठेवली होती.

“दादा, सरका जरा. तुमच्याखालचीच धूळ राहिलीय.”

“बाक ज्यानं केलं त्याला सांगा,” मी फटकन म्हणालो.

“केलं त्यानं असेल. बसलाय कोण?”

खिडकीतल्या उन्हात धूळ संथ तरंगत होती. नवं काही यावं म्हणून आपण दाराकडे डोळे लावतो, आणि जागा मात्र आपणच धरून बसलेले असतो.

एवढ्यात शमुवेल येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मी त्याच्याकडे सरकलो. बाक जराही करकरलं नाही. तेवढं मी त्याला सांगितलं.