पत्र्याआडची तुती

येतेर म्हणजे ‘पुरे’. मुलीवर मुलगी होत गेली की तुर्कस्तानात अलान्याकडे शेवटच्या मुलीला हे नाव देतात, निदान देवाला तरी कळावं म्हणून. देवाला कळलं नाही आणि येतेरच्या पाठीवर आणखी एक बहीण झाली, तो भाग वेगळा. पण नाव चिकटलं ते चिकटलं. आता पन्नाशी उलटलेली ही बाई नवऱ्यामागे एकटी किल्ल्यातल्या घरात राहते, आणि कोणी फार शहाणपणा शिकवू लागलं की त्याचं बोलणं अर्ध्यात तोडते.

किल्ला डोंगराच्या माथ्यावर, खाली समुद्र आणि हॉटेलांची रांग. बसगाड्या भरभरून माणसं वर येतात, तटावर उभी राहून फोटो काढतात आणि वाट चुकल्यासारखी येतेरच्या अंगणातून हिंडतात. तटाच्या आत घरं आहेत, घरात माणसं आहेत, याचं त्यांना दरवेळी नवल वाटतं. कोणी दारातून डोकावतं, कोणी वाळत घातलेल्या चादरींचा फोटो काढतं. एरवी येतेर चालवून घेते. वसंतात नाही. वसंतात तिच्या मागल्या खोलीत रेशमाच्या अळ्या असतात, आणि त्या खोलीवर परक्याची नजर पडू द्यायची नाही, हा किल्ल्यातल्या बायकांचा कायदा. अत्तर, सिगारेट, तळलेला कांदा, कसलाही वास लागला तरी अळ्या खाण्यावरून तोंड फिरवतात. अंडी फुटेपर्यंत त्यांची पुरचुंडी येतेरने छातीशी बांधून वागवलेली. खाली हॉटेलात कामाला असलेली तिची लेक म्हणते, माझे एवढे लाड कधी झाले नाहीत. म्हणताना हसते, पण थोडंच.

हे बियाणं सासूचं. दरवर्षी थोडे कोष न उकळता ठेवायचे, त्यातून पाखरं निघू द्यायची, त्यांची अंडी पुढच्या वसंतासाठी जपायची. किल्ल्यात पूर्वी घरोघर अळ्या असत. आता एकट्या येतेरकडे. यंदाची तुकडी मेली की बियाणं संपलं. तसलं बाजारात मिळत नाही.

अळ्या शेवटच्या भुकेला आल्या होत्या. शेवटची कात टाकली की त्या दिवसरात्र खात सुटतात, खोलीत सुक्या पाचोळ्यावरून कोणी चालत असावं तसा आवाज येत राहतो. मग एकदम खाणं सोडतात आणि कोष विणायला काटक्यांवर चढतात. या मधल्या दिवसांत पाला कमी पडला की खेळ खलास. आणि नेमक्या याच दिवसांत डागडुजीवाल्यांनी तुतीच्या झाडाभोवती पत्रे ठोकले.

झाड सासूने लावलेलं, येतेरच्या अंगणाच्या खालच्या अंगाला. कागदावर ती जमीन सरकारची. पडक्या भिंतीची दुरुस्ती निघाली, भिंत पत्र्याच्या आत गेली, भिंतीबरोबर झाडही गेलं. विचारलं कोणी? कोणी नाही. आत जायला आता आतल्या, तिकिटाच्या किल्ल्याच्या मोठ्या फाटकातून वळसा, आणि फाटकावर जेलाल. हा यंदाच्या वसंतात परगावाहून नोकरीला आलेला रखवालदार. स्वभावाने वाईट नव्हता, पण अंगात नवी वर्दी होती.

“मावशी, किल्ला बघायचा असेल तर खुशाल या,” तो म्हणाला. “रहिवाशांना फुकट आहे. फक्त झाडाला हात लावायचा नाही. आतलं सगळं संरक्षित आहे.”

“आणि माझ्या अळ्यांचं संरक्षण कोण करणार, तुझा बाप?”

त्याने ऑफिसात अर्ज द्यायला सांगितलं. ती ऑफिसात गेली. तिथे कळलं की सही नेझीह साहेबांची लागते आणि साहेब सोमवारी येणार. अळ्यांना सोमवार कळत नाही, हे तिने टेबलापलीकडच्या माणसाला दोनदा सांगितलं. त्याने चहा मागवला. चहा न पिता ती उठली, आणि तो अपमान त्या माणसाला बरोबर लागला. पण लागून पाला थोडाच मिळतो?

शेजारची हुरू म्हणाली, खाली बसथांब्यापाशी तुती आहे की, तिथला आण. तिथे डासांच्या औषधाची गाडी धूर सोडत फिरते. तो पाला घालण्यापेक्षा अळ्या कोंबड्यांपुढे टाकलेल्या बऱ्या. येतेरने घरातला उरलासुरला पाला बारीक चिरून पुरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतला आवाज बंद होता. सुपासुपातून अळ्यांनी माना वर केल्या होत्या आणि त्या हवेत डोलवत होत्या. भुकेल्या अळ्या असंच करतात. येतेर दारात उभी राहिली. रडली नाही.

मग तिने जे केलं ते किल्ल्यातल्या कुठल्याच बाईने आजवर केलं नव्हतं. तिने सुपं उचलली, पांढऱ्या फडक्यांनी झाकली आणि हुरूला हाताशी घेऊन एकेक करत मोठ्या फाटकात, छपराच्या सावलीत, बरोबर आत जायच्या वाटेवर मांडली. हुरू सगळी वाट तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटत होती आणि मधूनच म्हणत होती, अगं बाई, नजर लागेल, सगळं जाईल.

“उपाशी मरण्यापेक्षा नजरेने मरू देत,” येतेर म्हणाली आणि तिने फडकी काढली.

जेलाल धावत आला. हे काय आहे, म्हणून ओरडला.

“पाहुणे आहेत. किल्ला बघायला आलेत. रहिवासी आहेत, म्हणजे फुकट.”

तेवढ्यात पहिली बस आली. माणसं उतरली ती थेट सुपांभोवती गोळा झाली. दुसरी बस आली. वाट तुंबली, चालक हॉर्न वाजवू लागले. एकाने विचारलं, या माना का हलवतायत. गाइडने येतेरला विचारलं. येतेरने जेलालकडे बोट दाखवून सांगितलं, याला विचारा. जेलालचा चेहरा पडला. त्याने साहेबांना फोन लावला. सोमवारी भेटणारे साहेब लगेच फोनवर भेटले. थोड्याच वेळात एक पत्रा निघाला.

येतेरने पाला ओरबाडून आणला. अळ्यांनी माना खाली घातल्या. पण दुपारी जेलाल निरोप घेऊन दारात आला, नजर चुकवत. साहेबांपर्यंत फोटो पोचले होते. पाहुण्यांना प्रकार फार आवडला होता. मावशी सुपं घेऊन रोज फाटकात बसणार असेल तर पत्रा उघडा राहील. नाहीतर नियम म्हणजे नियम.

येतेरने त्याला, त्याच्या साहेबाला आणि साहेबाच्या सात पिढ्यांना मोजून शिव्या दिल्या. मग ती आत गेली. वाढीत मागे पडलेल्या, सुस्त अळ्या वेगळ्या काढून तिने एका सुपात भरल्या. बाकीची खोली हुरूच्या हवाली करून दाराला कडी घालायला लावली आणि ते एक सूप घेऊन फाटकात जाऊन बसली.

बसली ती दात आवळून. गाइड सांगत होता, ही बाई सुलतानांच्या काळातली कला दाखवते आहे. एका बाईने अत्तर माखलेल्या हाताने पाल्यावर हात फिरवला. एका बुवाने बोटाने टोचून पाहिलं. येतेरने बोट झटकलं, तर तो हसला आणि त्याने तिचाच फोटो काढला. दिवसामागून दिवस हाच तमाशा. जेलाल मधूनच पाण्याची बाटली आणून ठेवी. ती घेत नसे.

सोमवारच्या आत मागल्या खोलीतल्या अळ्या काटक्यांवर चढल्या. फाटकातल्या नाही चढल्या. त्यांच्या तोंडातून पाणी गळायला लागलं, अंग काळं पडलं. हुरू म्हणाली, नाहीतरी तुझ्या टाकाऊच होत्या. येतेर तिच्याशी दिवसभर बोलली नाही. त्याही तिने छातीशी उबवलेल्या होत्या.

सोमवारी नेझीह साहेब स्वतः तिच्या अंगणात आले. सूप फाटकातून हललं म्हणून पत्रे सकाळीच पुन्हा ठोकले गेले होते. साहेब म्हणाले, पुढच्या वसंतात फाटकापाशी छान लाकडी टपरी बांधू, तिथे तुम्ही अळ्या घेऊन बसा, पाल्याची काळजी आमची.

“पुढच्या वसंतात अळ्या तुम्हीच पाळा,” येतेर म्हणाली. “तिकीट काढून मी बघायला येईन.”

साहेब मनमोकळेपणाने हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहे. खोलीत कोष विणले जात होते, त्यांना शांतता लागते. येतेरने साहेबांचं हसणं संपायची वाट पाहिली नाही. ती आत गेली आणि आतून दार लावून घेतलं.