वाटणीला लावलेली टर्बो गाडी

गाडी धुवून ठेवू नका, असं मी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. तरी मी पोचलो तेव्हा वैजनाथ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाल गाडीवर पाणी मारत होता. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, तो उन्हाळा. त्याच्या दारासमोरच टँकर उभा होता, घागरी घेऊन बायका रांगेत होत्या आणि टँकरची नळी या पठ्ठ्याने आधी बॉनेटकडे वळवली होती. रांगेतली एकही बाई बोलली नाही. गावात त्याचं वजन होतं, हे त्यावरून कळलं. माझं डोकं तिथेच फिरलं.

धुवायला मनाई का करतो, तर ओला रंग सगळीकडे सारखाच चमकतो. कुठे ठोकून पुन्हा रंगवलंय, कुठे पोचा बुजवायला लांबी भरलीय, ते दिसत नाही. जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मी नांदेडला गाड्यांचं व्हॅल्युएशन करतो, म्हणजे वापरलेल्या गाडीची आजची किंमत काय ते लिहून देतो. बँका बोलावतात, डीलर बोलावतात. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून निम्मं आयुष्य गॅरेजच्या खड्ड्यात काढल्यावर या लाइनला आलो. तेव्हा मी लिंबाखाली खुर्ची मागितली आणि सांगितलं, गाडी कोरडी होईपर्यंत बसतो.

मला बोलावलं होतं वैजनाथच्या मेहुण्याने. बालाजीराव अर्धापूरचे, केळीवाले. त्यांचा जुना पिकअप मीच पसंत करून दिला होता. त्या वर्षी त्यांची अख्खी बाग उभ्या उभ्या वाळली होती. त्यांची बायको सुमनताई ही वैजनाथची धाकटी बहीण. ती माझ्याच गाडीतून नांदेडहून आली होती. बालाजीराव मुद्दाम आले नव्हते, जावयाने सासरच्या वाटणीत तोंड घालू नये म्हणून.

प्रकरण असं होतं. गाव उदगीरच्या अलीकडे, जमीन ऐन रस्त्याला लागून. आमच्याकडे नवा जिल्हा होणार ही आवई दर निवडणुकीला उठते. मागे एकदा ती जरा जोरात उठली, तेव्हा प्लॉटिंगवाले गावोगाव फिरू लागले. वैजनाथने बापाच्या मागे लागून रस्त्याकडचा अर्धा तुकडा विकला आणि त्यातून ही गाडी आणली. पुढे बाप वारला आणि उरलेल्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर भावाबरोबर बहिणीचंही नाव लागलं. आता तो तुकडाही विकायचा, तर तिची सही हवी होती. आमच्या भागात बहिणी अशा वेळी हक्कसोड करून देतात. रजिस्ट्री ऑफिसात जाऊन, माझा वाटा मी भावाला सोडला, अशी सही करायची आणि साडीचोळी घेऊन सासरी जायचं. ही पद्धत इतकी अंगवळणी पडलीय की तिला कोणी अन्यायही म्हणत नाही.

सुमनताईने मात्र दोन गुंठे मागितले होते. रस्त्याला लागून दोन गुंठे, स्वतःच्या नावावर. तिथे पत्रे टाकून खानावळ काढायची, अर्धापूरला आता काही राहिलं नाही, असा नवरा-बायकोचा विचार होता. मागणी गैर नव्हती. वैजनाथ म्हणाला, जमीन तोडायची नाही, त्याऐवजी बहिणीने ही गाडी घ्यावी. वीस लाखांची आहे. दोन गुंठ्यांपेक्षा भावाने जास्तच दिलं असं होईल. त्या दोघांच्या चुलत्यांनी मान डोलावली. बालाजीरावांना शंका आली, म्हणून त्रयस्थ माणूस म्हणून मी.

गाडी परदेशी कंपनीची होती. नाव सांगत नाही, दोष गाडीचा नव्हता. दिसायला चारचौघींसारखी सेडान, पण आत दुप्पट ताकदीचं टर्बो इंजिन. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, आणि गाडी अशी सुटते की पाठ सीटला चिकटते. अशा गाडीला परफॉर्मन्स कार म्हणतात. ती चांगल्या रस्त्यासाठी, चांगल्या तेलासाठी आणि भरल्या खिशासाठी बनवलेली असते. आमच्या रस्त्यांवर बैलगाडीचाही कणा मोडतो.

गाडी सुकली. पेंट मीटर लावला. हे काडेपेटीएवढं यंत्र पत्र्यावरच्या रंगाची जाडी सांगतं. बॉनेट आणि उजवी बाजू पुन्हा रंगवलेली निघाली. खाली वाकून पाहिलं तर ऑइलचा चेंबर गतिरोधकांनी घासून घासून चेपला होता आणि तेल पाझरत होतं. टायर कंपनीच्या मापाचे नव्हते. ते मिळतात हैदराबादला आणि त्यांची किंमत ऐकून माणूस खाली बसतो, म्हणून उदगीरला मिळाले ते चढवले होते. मग कूलंटची टाकी उघडली. इंजिन थंड ठेवायला एक रंगीत द्रव घालतात, तो महाग पडतो म्हणून यांनी बोअरचं पाणी भरलं होतं. आमच्या बोअरचं पाणी चहाच्या पातेल्याचं काय करतं ते घराघरात माहीत आहे. टाकीच्या आत पांढरा थर बसला होता. तोच थर इंजिनाच्या आतही असणार.

मी वर पाहिलं. वैजनाथ दुसरीकडे बघत होता.

गाडी चालवून बघायची होती. मी स्टीअरिंगवर बसलो, तो शेजारी बसला. सुमनताईला म्हणालो, तुम्हाला मिळणार आहे, तुम्हीही बसा. ती मागे बसली. सीटला हात लावून बघत म्हणाली, "लई मऊ हाय. आज पयल्यांदा बसले."

"का? कधी बसला नाहीत?" मी विचारलं.

"बाबा गेले तवा मी एसटीनं आले. गाडी साहेबांच्या दौऱ्यात होती."

वैजनाथने काच खाली केली आणि पुन्हा वर केली. हा गडी तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या ताफ्यात गाडी घालून फिरायचा. दर दौऱ्याचं पेट्रोल याचंच, आणि तेही महागातलं, कारण या इंजिनाला साधं मानवत नाही. नव्या जिल्ह्यात आपल्याला काहीतरी मिळेल, ही आशा. मिळालं काहीच नाही. जिल्हाही झाला नाही.

चढावर गाडीने मान टाकली. पांढरा धूर निघाला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. अशा गाड्या आतून बिघडल्या की स्वतःची ताकद कमी करून घेतात आणि म्हशीच्या चालीने चालतात. मी इंजिनातला बिघाड वाचणारा स्कॅनर जोडला. टर्बो संपत आला होता. शिवाय पुण्याच्या कुणाकडून त्याने इंजिनाची ताकद आणखी वाढवून घेतली होती, त्यामुळे कंपनीची वॉरंटी केव्हाच गेली होती. विमाही संपलेला.

परत आल्यावर वैजनाथने मला गोठ्यामागे नेलं. आता तिथे जनावरं नव्हती, चारा छावणीला गेली होती. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, वीसचा आकडा सांगा, भावकीसमोर माझी इज्जत राहील, तुमचंही बघतो. मी म्हणालो, माझं बघायला माझी बायको समर्थ आहे. तो हसला. त्याला वाटलं, मी भाव वाढवतोय. मग माझी नजर पाहून लिंबाकडे वळला.

लिंबाखाली भावकीतले चार-पाच जण बसले होते. मधोमध चुलते, घरातले वडीलधारे. मी सगळं समजेल अशा शब्दांत सांगितलं. नवी गाडी घेताना जे पैसे मोजता त्यात टॅक्स असतो, पासिंग असतं, विमा असतो. ते पैसे शोरूमच्या दारातच संपतात, पुढचं गिऱ्हाईक ते देत नाही. साधी गाडी किमतीत हळूहळू उतरते, कारण तिला घेणारे शंभर असतात. ही दणकन उतरते. ज्याला अशी गाडी परवडते तो जुनी घेत नाही, आणि जो जुनी शोधतो त्याला ती पोसवत नाही. वर दुरुस्ती. टर्बो, चेंबर, टायर, ब्रेक, आणि हे सगळं करायला गाडी ट्रकवर घालून हैदराबादला न्यायची. हे सगळं वजा करून आजची किंमत साडेसहा लाख, तीही घेणारा भेटला तर. न भेटला तर ती दारात उभी राहूनही खाणार. बॅटरी उतरते, रबर कडक होतं, विमा भरावा लागतो.

सुमनताई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मंजी जिमीन देऊन मी दादाचा खर्च इकत घेऊलाले."

मी म्हणालो, "अगदी तसंच, ताई."

खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. वाटलं, आपल्या धंद्याचा कुणालातरी उपयोग झाला. आता हे लोक दोन गुंठे देतील. भावकीसमोर आकडा उघडा पडला, आता कोण कुठल्या तोंडाने गाडी पुढे करील?

 चुलते वैजनाथच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मंजी पोरगं पार बुडालं की."

सगळ्यांनी वैजनाथकडे पाहिलं. त्याने खाली मान घातली. ती मान घालणं खोटं होतं की खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"रस्त्याकडची जिमीन गेली. गाडीचं बी पाणी झालं. ह्या लेकराकडं आता ऱ्हायलं काय?" चुलते सुमनताईकडे वळले. "अन् सुमे, तू आणखी ह्याच्याकडंच वाटा मागायलीस? गाडी ऱ्हाऊ दे त्याला. इकून येतील तेवढे पैसे तरी येतील."

मी मध्ये बोललो. म्हणालो, उरलेली जमीन तर जागेवरच आहे, ती काही बुडालेली नाही, आणि गाडीची वाट यानेच लावलीय. चुलते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमाला गाडी बघाया बोलावलं. बघून झाली न्हवं?"

 एक जण म्हणाला, भैनीनं अशा टायमाला भावाला उचलून धरावं. दुसरा म्हणाला, पंचमीला माहेरी यायचं असतं, दार उघडं राहू द्यावं. हे प्रेमाने सांगितलं होतं. धमकी इतक्या प्रेमाने देता येते, हे मी त्या दिवशी पाहिलं. माझ्याच तोंडून निघालेला आकडा माझ्यासमोर उलटा फिरवला जात होता. मी खरी किंमत सांगितली बाईचा वाटा वाचावा म्हणून, आणि त्याच किमतीच्या बळावर ते तिला म्हणत होते की मागू नकोस. संताप आला. पण मी तिथे कोण होतो?

सुमनताई उठली. पदर नीट केला. "कुठं करायची सही?" एवढंच म्हणाली.

उदगीरच्या रजिस्ट्री ऑफिसात दुपारची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. म्हणजे सही होणार याची त्यांना खात्री होतीच, गाडी मिळो किंवा न मिळो. ती साक्षीदारांबरोबर जीपमध्ये बसून गेली, मी मागून माझ्या गाडीत. सही झाली, अंगठ्याचे ठसे झाले, फोटो झाला. भावजयीने बाहेर पायरीवरच तिला साडीचोळी दिली, कुंकू लावलं. वैजनाथचे डोळे भरून आले होते. तो म्हणाला, पंचमीला ये. ती म्हणाली, येते दादा.

परतीला जळकोट, कंधार करत निघालो. नद्यांची पात्रं कोरडी, पुलाखाली क्रिकेट चाललेलं. ती मांडीवर साडीची पिशवी घेऊन बसली होती. कंधारला चहा प्यायलो. मला राहवलं नाही. म्हणालो, ताई, गाडी घेऊन तुम्ही फसला असता. तिने तुम्हाला खाऊन टाकलं असतं. खरं तेच सांगणं माझं काम होतं.

"हाव," ती म्हणाली. "तुमचं काय चुकलं न्हाई."

 नांदेड दिसू लागल्यावर ती म्हणाली, "तुमी वीस म्हणला असता तर निदान गाडी तरी दिली असती. चालली नसती, मला ठाऊक हाय. भंगारात घातली असती. पर माझ्या बापाचं कायतरी माझ्या हातानं घातलं असतं."

बसस्टँडवर ती अर्धापूरच्या गाडीत चढली. बालाजीरावांचा दुसऱ्या दिवशी फोन आला, आभार मानायला. 

तेव्हापासून घरच्या वाटणीतली गाडी बघायला मी जात नाही. डीलर बोलावतो, बँक बोलावते, तिथे जातो. तिथे आकडा कमी निघाला तर ज्याने गाडीची वाट लावली, तोटा त्याच्याच खिशातून जातो.