डावीकडचा तिसरा दगड

आमच्या घरात शिरण्याआधी शेजारचे आजोबा दाराच्या चौकटीला तळहात टेकवायचे, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मग भिंतीवर टकटक करून म्हणायचे, "खोका आहे. सुंदर खोका." अमेरिकेतल्या श्रूजबरीतली आमची घरं लाकडाची, भिंती पुठ्ठ्यासारख्या. त्यांच्या लेखी ती घरंच नव्हती. असा एखादा म्हातारा शेजारी तुम्हीही पाहिला असेल.

ते मूळचे इटलीतले गवंडी. त्यांच्या डोंगरावरच्या गावाला जुनी वेस होती. आतून कमान गोल, बाहेरून टोकदार. कारण बाहेरची बाजू कैक पिढ्यांनंतर चढवलेली. मधे वरून लोखंडी जाळी सोडायची खाच, बाजूला पहारेकऱ्यांची देवडी. पुढे रस्त्यासाठी तटबंदी पाडली, पण वेस वाचली. कमानीवरच्या खोलीत एक चांभार राहायचा आणि तो काही केल्या बाहेर पडेना. हे सांगताना ते दर वेळी नव्याने हसत.

दुसऱ्या महायुद्धात वेशीचा एक खांब ढासळला होता. त्याच्या दुरुस्तीत डावीकडचा, खालून तिसरा दगड त्यांनी बसवला. वय सतरा. पुढच्याच महिन्यात ते अमेरिकेच्या बोटीत चढले. विमानाला घाबरत, त्यामुळे परत जाणं राहिलंच.

आम्ही इटलीला निघालो तेव्हा त्यांनी कागदावर वेस काढून त्या दगडावर फुली मारली. "फोटो नको," म्हणाले. "हात लावून बघ. हलतो का, एवढंच सांग."

पुण्याच्या नातेवाइकांबरोबर टूर होती. बस त्या डोंगराच्या पायथ्याशी तासभर थांबली. तिथेच दहा दिवसांनी पहिल्यांदा वरणभात मिळणार होता. मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स टेन मिनिट्स. चल ना." मी म्हटलं, जेवून जाऊ. जेवलो. भात दुसऱ्यांदा घेतला. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला.

परतलो त्या दिवशी ते दारातच उभे राहिले, चौकटीला हात टेकवून. "लावलास हात?"

"लावला. जरासुद्धा हलत नाही."

मुलगी उठून वर गेली.

त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला, तळव्यावरून अंगठा फिरवला. "त्या दगडाखाली चुना कमी पडला होता," ते हळूच म्हणाले. "मुकादमाला सांगितलं नाही मी. रोज वाटायचं, तो निसटेल, कमान खाली येईल, खालून कोणीतरी जात असेल." मग डोळे पुसून हसले. त्यांनी सत्तर वर्षं कोणाला न सांगितलेलं मला सांगितलं, आणि तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

पुढे गल्लीत कोणी भेटलं की ते माझा हात वर धरून दाखवत. "या हाताने बघितलंय."

या हिवाळ्यात ते गेले.

आमच्या चौकटीवर त्यांच्या तळव्याचा मळकट डाग आहे. परवा रंगारी आला, त्याला तेवढी जागा सोडायला सांगितली. मुलगी शेजारीच उभी होती. येता-जाता मी त्या डागापर्यंत हात नेतो. टेकवत नाही.