राजाला मुलं किती

दुसऱ्याच्या संसारात आमच्या शेजारच्या काकांइतकं लक्ष घालणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. फरक एवढाच, की ज्याच्या संसारात ते लक्ष घालत तो इंग्लंडचा आठवा हेन्री मरून चारशे वर्षं उलटून गेली होती. काका मूळचे नागपूरचे, पेशानं केमिस्ट, साठीकडे झुकलेले. ऐंशी सालाच्या सुमाराला आम्ही अमेरिकेत, पिस्कॅटवेत त्यांच्या शेजारी राहायला गेलो, आणि तुरीची डाळ कुठं मिळते हे कळायच्या आधी मला त्या राजाच्या राण्या, त्याच्या ठेवलेल्या बायका आणि त्या सगळ्यांची बाळंतपणं तोंडपाठ झाली. राजाचं नाव काका सहसा घेत नसत, 'आपला जाड्या' म्हणत. पहिली राणी ती 'थोरली'. तिला जिच्यापायी घराबाहेर काढलं ती अ‍ॅन, आणि अ‍ॅनच्याही आधी राजाची मर्जी बसली होती ती अ‍ॅनच्याच सख्ख्या बहिणीवर. "तिची दोन पोरं जाड्याचीच, असं लोक म्हणतात," आमटी वाढून घेता घेता काका सांगत, "पण प्रूफ नाही. उगाच कुणाचं नाव खराब करू नये." ती बाई पलीकडच्या गल्लीत राहते आणि तिच्या कानावर जाईल, अशा बेतानं ते आवाज खाली आणत.

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. कुणी ते बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा त्यांच्या बेसमेंटमध्ये सत्यनारायण होता. गुरुजी नवीन होते, आठवडाभर कॉम्प्युटर आणि शनिवार-रविवार सोवळं अशी त्यांची विभागणी. संकल्प सांगताना त्यांनी भाबडेपणानं विचारलं, "मुलांची नावं सांगा." काका क्षणभरही थांबले नाहीत. "मेरी, एलिझाबेथ, एडवर्ड," ते जाड्याची मुलं मोजू लागले. "शिवाय बेसीचा हेन्री. तो लग्नाचा नाही, पण आशीर्वाद त्यालाही असू द्या." गुरुजींची पळी हवेतच राहिली. सगळं बेसमेंट खदाखदा हसलं. काकू तेवढ्या पाटावर खाली मान घालून बसल्या होत्या, आणि पुढं कितीतरी वेळ त्या समोरच्या अक्षता सारख्या करत होत्या.

या बेसीच्या हेन्रीवर काकांचा विशेष जीव. बेसी ही राजाची प्रिया, देखणी, नाचणारी, गाणारी, आणि तिचा मुलगा हा राजानं आपला म्हणून उघडपणे मान्य केलेला एकुलता एक अनौरस मुलगा. "बापानं ड्यूक केलं रे त्याला," काका सांगत, "आणि सतराव्या वर्षी गेलं पोरगं. मग तोच बाप म्हणाला, गुपचूप पुरा, गाजावाजा नको." इथवर आले की काका चष्मा पुसायला घेत. थोरलीचा पहिला मुलगा दोन महिनेसुद्धा जगला नव्हता, त्याच्या जन्माच्या आनंदात केवढे खेळ आणि मेजवान्या झाल्या, हे सांगतानाही त्यांचं असंच होई. आमची लेक तेव्हा सात-आठ वर्षांची होती. एका जेवणाला तिनं वैतागून म्हटलं, "काका, नॉट अगेन! दे आर ऑल डेड!" काकांना कधी चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. "सो व्हॉट?" ते म्हणाले. "मेली म्हणून मोजायची नाहीत?" मग लगेच ओशाळले, आणि स्वतःच्या पानातला गुलाबजाम त्यांनी तिला देऊन टाकला.

या वेडामागची चाल माझ्या बायकोच्या लक्षात आली. आपल्या लोकांत नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न 'तुम्ही मूळचे कुठले?' आणि दुसरा, 'मुलं किती?' परदेशात तर हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुणी कुणाला चहासुद्धा देत नसे. तो दुसरा प्रश्न काकूंच्या दिशेनं निघाला, की खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून काका धावत येत आणि म्हणत, "मुलांचं काय घेऊन बसलात! आपल्या जाड्याला किती होती, सांगा बरं?" की लागलीच राजा मधे उभा. लोक कंटाळत, कपाळाला हात लावत, पण प्रश्न जागीच मरून जाई. केवढं प्रेम हे, असं आम्हाला वाटे. ते होतंच. तेव्हापासून आम्ही ती गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू लागलो, आणि कुणी कधी तक्रार केली नाही.

मग एका हिवाळ्यात काका दारातला बर्फ उपसताना कोसळले ते गेलेच. भेटायला लोक येत होते. त्यांत पुण्याहून नुकतंच लग्न होऊन आलेली एक मुलगी होती, तिला काहीच माहीत नव्हतं. ती काकूंजवळ बसली आणि मायेनं म्हणाली, "काकू, मुलं किती तुम्हाला? येतायत ना कुणी?"

माझी बायको घाईनं म्हणाली, "चल गं, चहाचं बघू." काकूंनी हात वर केला.

"थांब. विचारू दे तिला."

काकू त्या मुलीकडेच बघत बोलल्या. "एक मुलगी झाली मला. आम्ही या देशात नवीन होतो तेव्हा. दुपारी झाली, संध्याकाळी गेली. मी गुंगीत होते. मला त्रास नको म्हणून ह्यांनी एकट्यानं सगळं उरकलं. मला दाखवलीसुद्धा नाही. मग कधी कुणी विचारलं, की ह्यांचा राजा सुरू. ह्यांना वाटायचं मला सोसणार नाही. आणि मला आयुष्यभर वाटायचं, विचारा गं कुणीतरी."

ती मुलगी रडायलाच लागली. काकूंनी तिचा हात हातात घेतला.

"ह्यांनी तिला पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "कितीदा वाटलं विचारावं, कशी होती दिसायला, केस होते का, कुणावर गेली होती. पण ह्यांचा चेहरा बघून धीर व्हायचा नाही. आज विचारू, उद्या विचारू करत राहूनच गेलं. आता कुणाला विचारू गं?"

त्या बाळाला पाहिलेलं आपलं असं एकच माणूस होतं, आणि त्यालाच आम्ही नुकतेच पोहोचवून आलो होतो.