एकट्याने धरलेली तोटी

१४ मार्च १९८३ हा सोमवार होता. त्या सकाळी अग्निशमन केंद्राच्या फळ्यावर लवादाचा निवाडा लागला: एका बंबावर यापुढे चार नव्हे, तीन माणसे. बंबवाल्यांना संपाची मुभा नव्हती. त्याऐवजी मिळालेल्या लवादाचा शब्द दोन्ही बाजूंना बंधनकारक होता आणि त्यावर अपील नव्हते.

निवाडा वाचून नगरपालिकेला कोणी शिवी दिली नाही. सगळ्यांनी पहारकडे पाहिले.

पहार हे त्याचे केंद्रातले टोपणनाव. पाण्याच्या दाबाने नळी उसळते तेव्हा तिच्या तोंडाची पितळी तोटी एक जण धरतो आणि दुसरा मागून त्याच्या पाठीला खांदा देतो. पहारला तो दुसरा कधी लागला नाही, आणि या गोष्टीचा त्याला भारी तोरा होता. चौथा माणूस काढला तर खांदा द्यायला कोणी उरत नाही, हाच नेमका युनियनचा मुद्दा होता.

निवाड्याआधी नगरपालिकेच्या वकिलाने लवादापुढे एकट्याने तोटी धरण्याचे प्रात्यक्षिक मागितले होते. आदल्या संध्याकाळी युनियनच्या सेक्रेटरीने पहारला बजावले, "उद्या तोटी सोडायची. आडवा झालास तर सोन्याहून पिवळं."

"आडवं व्हायचं कसं, ते कुणी शिकवलंच नाही."

"घरी विचार की. वहिनी रोज करत असतील."

सर्वांत मोठ्याने हसला तो पहारचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. तोही त्याच बंबावर होता.

दुसऱ्या दिवशी आवारात लवादासाठी खुर्ची मांडली गेली. वकील पहारला म्हणाला, "एका नळीला दोन गडी? घरी बादली तरी एकट्यानं उचलता ना?"

पाणी सुटले. समोरच्या भिंतीचा गिलावा ढलप्यांनी उडाला, पहारच्या तळव्यांची साल निघाली, तोटीवरून रक्त ओघळले. तो तसूभरही हलला नाही. लवादाने ते लिहून घेतले.

निवाड्यानंतर पावसाळ्याच्या आतच रंगाचे एक गोदाम पेटले. एक जण पंपावर, मेहुणा तोटीवर आणि पहार शिडीवर, अडकलेल्या रखवालदारासाठी खिडकीची जाळी तोडत होता.

"दाजी, मागं या. आवरत नाही."

"दम धर, आलोच."

रखवालदाराचे मनगट त्याच्या हाती आले आणि खाली तोटी निसटली. पहिल्या फटक्याने मेहुण्याचा जबडा फुटला, दुसऱ्याने कानशील. रखवालदाराला उतरवून पहारने पिसाळलेल्या नळीवर अंग टाकले. तिने त्याच्याही दोन बरगड्या मोडल्या. मेहुणा तोवर गेला होता.

अंत्यविधीहून परतल्यावर केंद्राचे दार आतून लावण्यात आले. सेक्रेटरीने कमरेचा पट्टा सोडला. "धर आता. एकट्यानं धर." बकल भुवईवर बसले, मग मोडक्या बरगड्यांवर बुटांच्या लाथा. पहारने हात वर केला नाही.

घरी बायकोने जखमा धुतल्या. "त्या दिवशी तुमची पाठ जमिनीला टेकली असती, तर काय आभाळ कोसळणार होतं?"

तेव्हा पहारच्या डोक्यात किडा शिरला. प्रात्यक्षिकाच्या वेळी दाब मुद्दाम कमी तर ठेवला नव्हता? तसे असेल तर तो फसवला गेला होता, आणि तिच्या भावाचे रक्त त्याच्या एकट्याच्या माथी नव्हते. हे बायकोला सांगता आले असते. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पंप चालवणाऱ्याला त्याने गॅरेजात गाठले आणि त्याचे डोके बंबाच्या चाकावर आपटले.

"दाब कमी होता ना?"

"पूर्ण होता."

पुन्हा आपटले. दोन दात पडले.

"कमी होता, बाबा, कमी होता. साहेबांनीच सांगितलेलं."

पहारने त्याची मान सोडली. पंपवाला रक्त थुंकला. "पूर्ण होता," तो म्हणाला. "मारत होतास म्हणून म्हटलं."

पहारची नोकरी गेली. बायकोला तो काहीच सांगू शकला नाही. पंपवाला पुढे वारला. तोवर त्याला हे पुन्हा कोणी विचारले नव्हते. निवाड्यात भिंतीचा गिलावा आहे, तळव्यांचे रक्त आहे, पण दाबाचा आकडा नाही. पहारने त्या दिवशी एकट्याने पेलला तो दाब पूर्ण होता की कमी, हे आजही कोणाला माहीत नाही.