रेजिना आंटींची बाग

रेजिना आंटींच्या बागेवर औषध मारायला माणूस मीच पाठवला होता.

आज सकाळी आंटी गेल्या. आता तरी हे लिहायलाच हवं.

सांडोर गावातली आपली वाडी सोडून त्या नायगावला मुलाकडे राहायला आल्या. आमच्याच सोसायटीत, ग्राउंड फ्लोअरला. मागच्या भिंतीलगत हातभर मातीची पट्टी होती. तिथे त्यांनी लिंबू, कढीपत्ता लावला. कोपऱ्यात रुई.

"आंटी, रुई कोण लावतं?"

"मग फुलपाखरांनी अंडी कुठे घालायची? तुझ्या गॅलरीतल्या प्लास्टिकच्या फुलांवर?"

लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते. ती बोटावर घेऊन माझ्या मुलीला दाखवायच्या.

मग ग्रुपवर मेसेज सुरू झाले. अळ्या घरात येतात. मुलांना खाज येते. सेक्रेटरी काय करतात?

सेक्रेटरी मी.

त्या अळ्यांनी खाज येत नाही, हे खाली जाऊन आंटींना विचारलं असतं तरी कळलं असतं. मी गेलो नाही. रविवारी त्या चर्चमध्ये मिस्साला गेल्या असताना फवारणी उरकून टाकली.

त्या परत आल्या तेव्हा मी तिथेच होतो. चर्चच्या साडीतच त्या मातीत बसल्या. एकेक अळी उचलून तळहातावर ठेवत गेल्या. काही अजून वळवळत होत्या.

"मला सांगायचं ना रे. मी घरात नेऊन ठेवल्या असत्या."

"आंटी, कंप्लेंट्स होत्या."

बस्स, एवढंच बोललो. सॉरी नाही.

औषधाने झाडंही करपून गेली. दोन महिन्यांनी त्याच माझ्या दारात आल्या.

"परत लावू का? कुंड्यांत लावते. आमच्या गॅलरीत ऊन नाही, म्हणून मागे ठेवीन. कोणाला त्रास नाही होणार."

"मीटिंगमध्ये घेतो."

तीन मीटिंग झाल्या. लिफ्ट, पार्किंग, टँकर. आंटींचा विषय मी काढलाच नाही. त्यांनीही परत विचारलं नाही. भेटल्या की मुलीच्या अभ्यासाची चौकशी तेवढी करायच्या. मला वाटलं, विसरल्या.

आज त्यांच्या घरी गेलो. गॅलरीत सहा कुंड्या होत्या. माती भरून तयार.

सून म्हणाली, "मम्मी कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, सेक्रेटरी चांगला माणूस आहे, कामात असतो. वेळ मिळाला की परवानगी देईल."

मला तिथे उभं राहवेना.

आंटी, तुम्हाला वाटत होतं तेवढा चांगला मी नव्हतो. माफ करा.

देव तुम्हाला चिरशांती देवो.