मागाची उचकी

मी एका यंत्रमागाची उचकी पुसून टाकली. चुकून नाही. दोन दिवस हेडफोन लावून, अगदी मन लावून पुसली. काम फत्ते झाल्याच्या आनंदात मूळ रेकॉर्डिंगही उडवलं, कारण कार्डावर जागा हवी होती.

आमची संस्था चार जणांची. वेगळं, प्रयोगाचं संगीत आणि नुसत्या आवाजांची कला सोलापूरकरांना ऐकवायची, हा उद्देश. सोलापूरकर येतात, वीस मिनिटं ऐकतात आणि शेजाऱ्याला विचारतात, "माईक टेस्टिंग कधी संपणार ओ?" एकदा आम्ही रिकाम्या पिंपांचं वादन ठेवलं, तर गल्लीतल्या एक बाई पाणी आलं समजून घागर घेऊन आल्या. आल्या म्हणून श्रोत्यांत मोजल्या.

तर माग. ओळखीचे एक विणकर घरातला शेवटचा माग भंगारात काढणार होते. टॉवेल विणायचा माग. त्याच्या एका दातेरी चाकाचा दात झिजलेला, त्यामुळं खटक-खटक चालता चालता मधेच तो अडखळायचा आणि दचकल्यासारखा पुढं जायचा. विणकरांची बायको बाहेरच्या खोलीत मागाला लागणाऱ्या कांड्यांवर सूत भरायची. ती उचक्या मोजायची. अमुक इतक्या झाल्या की मागावरची कांडी संपत आली. मग हाक यायच्या आत ही नवी घेऊन दारात हजर. सगळा संसार असा न बोलता चाललेला.

माग विकायला या मावशींचा जीव होईना. तिथं मी शहाणा मधे पडलो. म्हणालो, "मावशी, लोखंड जाऊ द्या की. आवाज कुठं जातोय? तो माझ्याकडं राहील. म्हणाल तेव्हा ऐकवीन."

"नक्की?"

"नक्की."

मी तासभर आवाज घेतला. त्याच आठवड्यात टेम्पो येऊन माग घेऊन गेला.

आता मी पडलो जन्माचा पदार्थविज्ञानाचा मास्तर. बिघाड दिसला की दुरुस्त करायचा, हे हाडात मुरलेलं. रेकॉर्डिंग ऐकताना ती अडखळ कानाला टोचायला लागली. लोकांना वाटेल, आमचंच यंत्र अडकलं! म्हणून मी प्रत्येक उचकी शोधून कापली आणि सांधे जुळवले. माग नुसता लोण्यासारखा चालायला लागला.

कार्यक्रमाला दोघं पहिल्या रांगेत. मावशींनी ठेवणीतली साडी नेसलेली. आवाज सुरू झाला तशी त्यांची बोटं मांडीवर मोजायला तयार झाली. तशीच राहिली. थोड्या वेळानं त्यांनी नवऱ्याकडं वळून विचारलं, "हा कुणाचा माग ओ?"

विणकर बिचारे भिडस्त. बाहेर पडताना माझा हात धरून म्हणाले, "चांगलं झालं सर. एकदम नव्या मागावानी."

मला ते कौतुक वाटलं. दारापर्यंत मी छाती काढून गेलो. मग तिथं उभ्या मावशींचा चेहरा बघितला.

घरी येऊन कॉम्प्युटर उलटापालटा केला. काही नव्हतं. मग मी दुसरी अक्कल चालवली. आठवून आठवून उचकी बनवली, टेबलावर पट्टी आपटून वगैरे, आणि अंदाजानं मधे मधे बसवली. पेनड्राइव्ह, छोटा स्पीकर घेऊन त्यांच्या घरी गेलो. जिथं माग होता तिथं आता टीव्ही होता. फरशीवर चार काळे डाग तेवढे राहिलेले.

मावशींनी टीव्ही बंद केला. पदर आवरून बसल्या. पहिली उचकी आली, दुसरी आली. तिसरीला त्यांनी हात वर केला.

"हे तुमी केलंय न्हवं?"

"व्हय," म्हणालो. खोटं बोलायची माझी चांगली तयारी होती, पण ऐनवेळी जमलं नाही. मावशींनी विचारलं, "आणि खरं?"

"पुसलं. मला वाटलं, बिघाड हाय."

मावशींनी स्पीकरची वायर नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"भंगारवाला बरा सर," त्या म्हणाल्या. "त्यानं इचारून नेलं."